‘स्मॉग’ : एका जोडशब्दाची कुळकथा

माणसांप्रमाणें शब्दांनाहि कुळ असतें. कांहीं शब्द जुन्या घराण्यांतले. त्यांची वंशावळ शोधूं लागल्यास ती थेट वेदकाळापर्यंत जाऊन भिडते. कांहीं शब्द परदेशांतून व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर आले आणि दोनचार पिढ्यांत घरचेच होऊन बसले. आपल्या स्वयंपाकघरांतला ‘बटाटा’ आणि नोकरदाराचा ‘पगार’ हे दोघेहि मूळचे पोर्तुगीज. पण आज त्यांना परके म्हणण्याचें धैर्य कोणास होईल? याशिवाय शब्दांचा एक तिसरा वर्ग आहे. या वर्गांतले शब्द जन्मास येत नाहींत, ते घडविले जातात. दोन धडधाकट शब्द मोडून त्यांच्या तुकड्यांतून तिसरा सांधला जातो. इंग्रजी भाषेंत अशा शब्दांचें पीक गेल्या दीडशें वर्षांत उदंड आलें आहे. त्यांपैकीं एकाची कुळकथा आज वाचकांपुढें ठेवावी असा आमचा मानस आहे. तो शब्द म्हणजे ‘स्मॉग’. हिवाळा लागला कीं वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तो हटकून दिसतो आणि घरांतल्या शाळकरी मुलांनाहि तो ठाऊक असतो. परंतु तो कोणीं, केव्हां व कशासाठीं घडविला, आणि घडविल्यावर त्यानें काय केलें, ही हकीकत शब्दाहूनहि अधिक विचार करावयास लावणारी आहे.

प्रथम त्याच्या घडणीकडे पाहूं. इंग्रजींत धुराला ‘स्मोक’ व धुक्याला ‘फॉग’ म्हणतात. पहिल्याचें तोंड आणि दुसऱ्याचें शेपूट घेऊन ‘स्मॉग’ सिद्ध झाला. आमच्यासारख्या, लहानपणीं रूपावली घोकून संस्कृत शिकलेल्या माणसास ही घडण पाहून प्रथम जरा धक्काच बसतो. हा संधि नव्हे. कारण संधींत दोन वर्ण नियमानें एकत्र येतात आणि तोच नियम उलटा चालवून मूळ पदें पुन्हां वेगळीं काढतां येतात. हा समासहि नव्हे. कारण समासांत विभक्ति लोपली तरी पदें शाबूत राहतात. ‘नीलकमल’ या शब्दांत ‘नील’हि संपूर्ण आहे व ‘कमल’हि संपूर्ण आहे. ‘स्मॉग’मध्यें मात्र दोन्ही पदें छिन्न झालेलीं आहेत, आणि तरीहि अर्थ दोहोंचा पुरता उतरला आहे. वैयाकरणानें नाक मुरडावें अशी ही रीत खरी. परंतु भाषा वैयाकरणांस विचारून चालत नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे.

अशा शब्दांना इंग्रजींत ‘पोर्टमँटो’ शब्द म्हणतात. पोर्टमँटो म्हणजे प्रवासाची चामड्याची पेटी. ती मधोमध उघडते आणि तिचे सारखे दोन कप्पे होतात. हें नामकरण लुइस कॅरोल या टोपणनांवानें लिहिणाऱ्या ग्रंथकारानें केलें. त्याचें खरें नांव चार्ल्स लटविज डॉज्सन. तो ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजांत गणित शिकवीत असे. १८७१ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ या त्याच्या मुलांच्या पुस्तकांत हम्टी डम्टी नांवाचें एक अंड्याच्या आकाराचें पात्र आहे. ॲलिस नांवाच्या मुलीला एका विचित्र कवितेंतील शब्द समजावून देतांना तें सांगतें कीं, पेटीच्या दोन कप्प्यांत सामान भरावें तसे येथें एका शब्दांत दोन अर्थ भरलेले आहेत. गमतीनें दिलेल्या या उपमेला पुढें भाषाशास्त्रांत कायमचें स्थान मिळालें.

या जातीचे बहुतेक शब्द असेच गमतीचे किंवा सोयीचे आहेत. १८९५ सालीं गाय बेरिंजर नांवाच्या एका लेखकानें, रविवारीं उशिरां उठणाऱ्या मंडळींची बाजू घेऊन, ‘ब्रेकफास्ट’ व ‘लंच’ यांचें लग्न लावणाऱ्या ‘ब्रंच’ या शब्दाची तरफदारी केली. १९२५ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅन लुइस ओबिस्पो या गांवीं ‘मोटर’ व ‘हॉटेल’ यांचें मिळून एक ‘मोटेल’ उघडलें. हे शब्द सुखवस्तु माणसाच्या उपयोगाचे. पोट भरलें आणि रात्र निभावली कीं त्यांचें काम संपलें. ‘स्मॉग’चें तसें नाहीं. त्याच्या जन्मामागें सहाशें वर्षांचा खोकला आहे.

लंडन शहर थेम्स नदीच्या खोऱ्यांत वसलेलें आहे. तेथें हिवाळ्यांत धुकें पडणें हा सृष्टिक्रमच होय. परंतु जळाऊ लांकूड दुर्मिळ झालें आणि इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरून जहाजांनीं दगडी कोळसा येऊं लागला, तेव्हांपासून त्या धुक्यांत धूर मिसळूं लागला. १३०६ च्या सुमारास पहिल्या एडवर्ड राजानें लंडनांत हा कोळसा जाळण्यास मनाई केली. पण थंडीपुढें राजाज्ञा फार दिवस टिकली नाहीं. १६६१ सालीं जॉन एव्हलिन या विद्वान गृहस्थानें दुसऱ्या चार्ल्स राजास ‘फ्यूमिफ्यूजियम’ नांवाचा निबंध सादर केला. मद्याच्या, साबणाच्या व चुन्याच्या भट्ट्या शहराबाहेर न्याव्यात आणि शहराभोंवतीं सुगंधी झाडें लावावींत, अशी त्यानें शिफारस केली होती. राजानें निबंध वाचला, आणि धूर होता तेथेंच राहिला.

या निबंधाच्या नांवांत आमच्या वाचकांस एक ओळखीचा चेहरा भेटेल. ‘फ्यूमस’ हा लॅटिन शब्द आणि आपला ‘धूम’ हा संस्कृत शब्द हे सख्खे भाऊ आहेत. मूळ आर्यभाषेंतील आद्य ‘ध’ संस्कृतानें तसाच ठेवला व लॅटिनमध्यें त्याचा ‘फ’ झाला. म्हणजे एव्हलिनच्या पुस्तकाचें नांव संस्कृतांत करावयाचें तर ‘धूमापसारण’ असें कांहींसें होईल. धुराला हांकलून लावणें, एवढाच त्याचा अर्थ. धूर सर्वत्र सारखाच, आणि त्याला हांकलण्याची इच्छाहि सर्वत्र सारखीच जुनी.

एकोणिसाव्या शतकांत ही पीडा कळसास पोंचली. १८०१ सालीं लंडनची वस्ती सुमारें दहा लाख होती. १९०१ पर्यंत ती साठ लाखांच्या वर गेली. प्रत्येक घराच्या खोलीखोलींत कोळशाची शेगडी, प्रत्येक छपरावर धुराडीं, आणि शिवाय कारखाने व आगगाड्या. हिवाळ्यांत वारा पडला म्हणजे पिंवळट, काळपट, गंधकाच्या वासाचें असें दाट आवरण शहरावर उतरे कीं, लोक त्याला वाटाण्याच्या सुपाची उपमा देत. तें धुकें वाङ्मयांतहि शिरलें. डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ कादंबरीचा आरंभ धुक्याच्या वर्णनानें होतो. शेरलॉक होम्सच्या कथा वाचलेल्या मंडळींस तें पिंवळें धुकें नव्यानें सांगावयास नकोच. क्लोद मोने हा फ्रेंच चित्रकार तर १८९९ ते १९०१ या काळांत त्या धुक्याचे रंग टिपण्यासाठीं वारंवार लंडनास येऊन राहिला. पण चित्रकारास जें मोहक वाटलें तें फुप्फुसांस मोहक नव्हतें. १८७३ च्या डिसेंबरांत इस्लिंग्टन येथें गुरांचें मोठें प्रदर्शन भरलें असतांना असेंच धुकें पडलें आणि बक्षिसासाठीं आणलेलीं धष्टपुष्ट जनावरें गुदमरून मेलीं. गुरांचें मरण सर्वांस दिसलें, कारण तें प्रदर्शनांत घडलें. गल्लीबोळांतून जीं म्हातारीं माणसें व तान्हीं मुलें गेलीं, त्यांच्या नांवापुढें ‘छातीचा विकार’ एवढेंच लिहिलें गेलें.

येथें आमच्या न्यायशास्त्राची आठवण होते. अनुमान शिकवितांना आपले नैयायिक पर्वतावरील धुराचेंच उदाहरण घेतात; धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि असलाच पाहिजे. त्याबरोबरच ते एक सावधगिरीचा इशाराहि देतात. लांबून दिसणारी वाफ किंवा धुकें यांस धूर समजून अग्नीचें अनुमान केल्यास तें फसेल, कारण तेथें हेतूच खोटा आहे. लंडनकरांची चूक याच्या नेमकी उलट होती. ते धुरास धुकें समजत. धुकें म्हणजे देवाची करणी. तें पडतें, राहतें आणि निघून जातें. त्याबद्दल कोणाला जबाबदार धरावयाचें? धूर मात्र कोणीतरी केलेला असतो. धुराला कर्ता आहे, धुक्याला नाहीं. दोहोंस मिळून ‘फॉग’ हें एकच नांव चालूं होतें तोंपर्यंत करणाऱ्याचा हात त्या नांवाखालीं झांकलेला राहिला. भाषेची ही साधी उणीव शतकानुशतकें माणसांच्या जिवावर बेतत होती.

ती उणीव कोणीं भरून काढली? रूढ उत्तर असें आहे कीं, डॉ. हेन्री आंत्वान दे व्हो यांनीं, १९०५ सालीं. परंतु जुन्या छापील कागदांत हा शब्द त्यापूर्वींहि सांपडतो. १८८० सालीं अमेरिकेंतील सँटा क्रूझ व माँटेरे या भागाच्या एका माहितीपुस्तकांत तो आलेला आहे. १८८१ च्या डिसेंबरांत लंडनच्या ‘स्पोर्टिंग टाइम्स’ या पत्रांत एका लेखकानें, लंडनच्या हवेसाठीं हा शब्द आपणच शोधून काढला, अशी फुशारकीहि मारलेली आहे. १८९३ सालीं ‘लॉस एंजेलिस टाइम्स’नें तो एका विनोदी इंग्रज लेखकाच्या नांवावर छापला. म्हणजे शब्द निदान पंचवीस वर्षें इकडून तिकडे हिंडत होता. पण हिंडत होता तो विनोद म्हणून. लोक हंसले आणि विसरले.

दे व्हो हे लंडनमधील वैद्य. १८९८ सालीं सर विल्यम ब्लेक रिचमंड या चित्रकाराच्या पुढाकारानें लंडनांत कोळशाच्या धुराचा प्रतिकार करण्यासाठीं एक मंडळ स्थापन झालें होतें. त्याचे दे व्हो हे खजिनदार होते. १९०५ च्या जुलैमध्यें लंडनांत सार्वजनिक आरोग्यासंबंधीं परिषद भरली, तींत त्यांनीं धुकें व धूर या विषयावर निबंध वाचला. खेड्यांत न सांपडणारी आणि फक्त मोठ्या शहरांतच तयार होणारी अशी एक वस्तु आहे, हें समजण्यास शास्त्राची गरज नाहीं, असा त्यांचा मुद्दा होता. आणि त्या वस्तूला त्यांनीं ‘स्मॉग’ म्हटलें. दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांनीं शब्द उचलला. पुढें १९११ सालीं मँचेस्टरच्या परिषदेंत त्यांनीं आणखी एक अहवाल मांडला. १९०९ च्या शरदांत ग्लासगो व एडिंबरो या शहरांत धूरमिश्रित धुक्यानें एक हजारांहून अधिक माणसें दगावलीं, असें त्यांत दाखविलें होतें. आतां तो शब्द विनोद राहिला नाहीं. त्याच्यामागें मृतांची गणती उभी राहिली.

मग शब्दाचा जनक कोण? मंत्रांच्या बाबतींत आपल्याकडे एक सूक्ष्म भेद केलेला आहे: मंत्राचा ऋषि वेगळा आणि त्याचा विनियोग वेगळा. मंत्र कोणाला स्फुरला हें ऋषि सांगतो. तो कोणत्या कामीं लावावयाचा हें विनियोग सांगतो. ‘स्मॉग’चा ऋषि कोणीहि असो, त्याचा विनियोग दे व्हो यांनीं केला. थट्टेचा शब्द त्यांनीं साक्षीदार म्हणून कोर्टांत उभा केला. त्यांच्या नांवावर तो शब्द चढला आहे, तो याच अर्थानें योग्य होय असें आम्हांस वाटतें.

साक्ष झाली तरी निकाल मात्र लांबला. याचें कारण केवळ कारखानदारांचा लोभ नव्हे. लंडनच्या धुराचा मोठा वांटा घरोघरच्या शेगड्यांतून येत असे, आणि पेटत्या कोळशापुढें सहकुटुंब बसणें हें इंग्रज माणसास जवळजवळ धर्मकृत्यासारखें प्रिय होतें. कारखान्याच्या धुराड्याकडे बोट दाखविणें सोपें; स्वतःच्या दिवाणखान्यांतील शेगडी विझविण्यास कोण सांगणार? त्यांतच दोन महायुद्धें आलीं. दुसऱ्या युद्धानंतर देशावर कर्ज इतकें कीं, चांगला कोळसा परदेशीं विकून हलका, धुरकट कोळसा घरांत जाळावा लागे.

अशा स्थितींत १९५२ चा डिसेंबर उजाडला. ता. ५ रोजीं लंडनवर थंड, जड हवा स्थिर झाली. सामान्यतः जमिनीजवळची हवा उबदार व वरची थंड असते, त्यामुळें धूर वर चढून पांगतो. त्या वेळीं हा क्रम उलटला. वर उबदार हवेचें झांकण बसलें आणि खालचा धूर खालींच कोंडला. ब्रिटिश हवामान खात्याच्या हिशोबाप्रमाणें त्या दिवसांत रोज एक हजार टन धुराचे कण हवेंत जात होते. शिवाय ३७० टन गंधकाच्या वायूपासून सुमारें ८०० टन गंधकाम्ल तयार होत होतें. पांच दिवस शहर आंधळें झालें. बसच्या पुढें कंडक्टर दिवा घेऊन चालत. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहांत धुरकट हवा आंत शिरून रंगभूमि दिसेनाशी झाली, तेव्हां चालू संगीतिका मध्येंच थांबवावी लागली. आणि एकोणऐंशीं वर्षांपूर्वींप्रमाणेंच, त्याच गुरांच्या प्रदर्शनांत, या वेळीं अर्ल्स कोर्ट येथें, जनावरें पुन्हां गुदमरलीं. ता. ९ रोजीं वारा सुटला आणि तें आवरण दूर झालें.

मेलेल्यांचा हिशोब हळूहळू लागला. प्रारंभीं चार हजार हा आंकडा सांगण्यांत आला. त्यानंतरच्या महिन्यांतहि मृत्यु नेहमींपेक्षां पुष्कळच अधिक होत राहिले, तेव्हां सरकारनें तो दोष इन्फ्लुएंझाच्या सांथीवर घातला. पुढें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत सर्व आंकडे पुन्हां तपासले गेले आणि एकंदर बळी सुमारें बारा हजार असावेत असें अनुमान निघालें. वाचकहो, नांव बदलून दोष झांकण्याची खोड येथें पुन्हां दिसते, हें ध्यानांत घ्या. पूर्वीं धुरास धुकें म्हटलें. आतां धुरानें आलेल्या मरणास सांथ म्हटलें.

परंतु या वेळीं भाषा लोकांच्या बाजूनें होती. ‘स्मॉग’ हा शब्द सत्तेचाळीस वर्षें लोकांच्या तोंडीं बसला होता. झालें तें केवळ धुक्यानें झालें, असें कोणास पटवितां येईना. १९५३ सालीं सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली गेली. तिनें १९५४ च्या नोव्हेंबरांत अहवाल दिला. सरकार रेंगाळतांना पाहून जेराल्ड नाबारो या सभासदानें पार्लमेंटांत स्वतःचें खासगी बिल आणलें. शेवटीं ५ जुलै १९५६ रोजीं ‘क्लीन एअर ॲक्ट’ संमत झाला. शहरांत धूरबंदीचे भाग ठरले, बिनधुराचें सरपण सक्तीचें झालें, आणि घरांतील शेगड्या बदलण्यास लोकांना सरकारी मदत मिळूं लागली. १९६२ च्या डिसेंबरांत पुन्हां एकदां तसाच प्रसंग येऊन शेंकडों माणसें दगावलीं. पण हळूहळू लंडनचें तें पिंवळें धुकें नाहींसें झालें. शब्दाचा विनियोग १९०५ मध्यें झाला, कायदा १९५६ मध्यें झाला. एकावन्न वर्षें! एवढ्या अवधींत एका घरांत दोन पिढ्या खोकून जातात.

इकडे लंडनांत शब्दाचें काम संपत येत असतां अमेरिकेंत त्याला दुसरा जन्म मिळाला. १९४३ च्या जुलैमध्यें लॉस एंजेलिस शहरावर एक तिखट, तपकिरी आवरण पसरलें. डोळ्यांची आग होऊं लागली. युद्धाचे दिवस असल्यानें कित्येकांस तो जपानी विषारी वायूचा हल्लाच वाटला. तेथें लंडनसारख्या कोळशाच्या शेगड्या नव्हत्या, धुक्याचा ओलावाहि नव्हता; ऊन तर लखलखीत होतें. या कोड्याचा उलगडा आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञानें १९५० च्या सुमारास केला. हे गृहस्थ त्यापूर्वीं अननसाच्या स्वादाचें पृथक्करण करीत होते! मोटारींतून व तेलाच्या कारखान्यांतून निघणाऱ्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन इत्यादि दाहक द्रव्यें बनतात, असें त्यांनीं सिद्ध केलें. म्हणजे या ‘स्मॉग’मध्यें ना खरा धूर, ना खरें धुकें. आईबाप दोघेहि गेले आणि मूल तेवढें नांव चालवीत राहिलें. आपल्याकडे हा प्रकार अपरिचित नाहीं. ‘तैल’ म्हणजे मुळांत तिळाचें. पण आज आपण खोबऱ्याचें तेल म्हणतों, करडईचें म्हणतों, आणि खनिज तेलहि म्हणतों, तेथें तीळ एकहि नसतो. वीणेंत निपुण तो ‘प्रवीण’. पण वीणा कधीं न पाहिलेल्या सुग्रणीलाहि आपण पाककलेंत प्रवीण म्हणतों. व्युत्पत्तीवर रूढि मात करते ती अशी.

आतां आपल्या देशाकडे वळूं. कारण ही कथा सातासमुद्रांपलीकडे राहिलेली नाहीं. दे व्हो यांनीं निबंध वाचला त्याच १९०५ सालीं बंगाल प्रांतांत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. मुंबई इलाख्यांत तसाच कायदा १९१२ सालीं आला. गिरण्यांच्या धुराड्यांनीं भरलेल्या त्या मुंबईस त्याची गरजहि होती. स्वातंत्र्यानंतर १९८१ सालीं सबंध देशासाठीं हवेच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा संमत झाला. तरीहि २०१६ च्या नोव्हेंबरांत दिल्लींत हवा इतकी बिघडली कीं, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. समुद्राच्या वाऱ्यानें मुंबईची हवा नेहमीं धुतली जाते असा आपला भरंवसा होता. तोहि ढळला, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या उच्च न्यायालयानें शहराच्या हवेची आपणहून दखल घेतली. गिरण्यांचे भोंगे थांबले. त्यांच्या जागीं इमारती उभ्या राहतांना उडणारी धूळ, मोटारींचा धूर आणि जळणारा कचरा आले.

मराठीनें या वस्तूला स्वतःचें नांव दिलें आहे, आणि तें आम्हांस इंग्रजी शब्दाहूनहि सुबक वाटतें. वर्तमानपत्रांत आतां ‘धुरकें’ हा शब्द सर्रास येतो. त्याची घडण पाहा. ‘धूर’ आणि ‘धुकें’ या दोघांच्याहि आरंभीं ‘ध’काराला उकार आहे, तेवढा भाग दोघांच्या सामाईक मालकीचा. त्यापुढें धुराचा ‘र’ आला आणि धुक्याचें ‘कें’ आलें. इंग्रजींत दोन शब्दांची मोडतोड करावी लागली. येथें दोन भाऊबंदांनीं मधली भिंत काढून एक घर केल्यासारखें झालें आहे. शिवाय ‘धुरकट’ हा शब्द आपल्या बोलींत पूर्वींपासून असल्यामुळें ‘धुरकें’ कानाला परका वाटत नाहीं. हा शब्द आपल्या लेखनांत व बोलण्यांत निःसंकोच वापरावा, अशी आमची शिफारस आहे.

परंतु केवळ शब्दसौष्ठवासाठीं आम्ही ती करीत नाहीं. शब्दाच्या सत्यतेवर किती अवलंबून असतें, याचें एक अगदीं अलीकडचें उदाहरण सांगतों. लंडनच्या आग्नेय भागांत, मोटारींच्या वर्दळीच्या एका रस्त्यानजीक राहणारी एक नऊ वर्षांची मुलगी २०१३ सालीं दम्यानें वारली. पहिल्या चौकशींत हवेचा उल्लेखहि झाला नाहीं. तिच्या आईनें पाठपुरावा सोडला नाहीं. अखेर २०२० च्या डिसेंबरांत दुसऱ्या चौकशीचा निर्णय लागला आणि मृत्यूच्या कारणांत दूषित हवेचें नांव लिहिलें गेलें. त्या देशांत असें लिहिलें जाण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. १८७३ पासून ज्या मृत्यूंवर ‘छातीचा विकार’ एवढाच शिक्का बसत आला, त्यांपैकीं एकाला तरी खरें नांव मिळालें. तें मिळविण्यासाठीं एका आईला सात वर्षें झगडावें लागलें.

आमच्या लहानपणीं घरोघर चूल असे आणि न्हाणीघरांत तांब्याचा बंब. पहांटे बंब पेटविणाऱ्या, ओल्या लांकडांवर फुंकणी धरून चूल चेतविणाऱ्या आमच्या घरच्या बायकांचे डोळे सदा लाल असत, आणि त्यांच्या खोकल्यास सर्वजण ‘थंडीचा खोकला’ म्हणत. कोणाच्या मनांत कांहीं वाईट नव्हतें. पण धुराचें नांव कोणीं घेतलें नाहीं, म्हणून धुराड्याची सोयहि कोणाला सुचली नाहीं. ती चूल आज बहुतेक शहरी घरांतून गेली आहे. पण अंगणांतला पालापाचोळा व प्लॅस्टिकचा कचरा एकत्र करून पेटविण्याची संवय गेलेली नाहीं. चार घरांपलीकडे जाण्यासाठींहि गाडी चालू करण्याची संवय तर नवी लागली आहे. लंडनच्या गृहस्थास आपली शेगडी जितकी निष्पाप वाटत होती, तितक्याच आपल्यालाहि आपल्या या संवयी निष्पाप वाटतात.

तेव्हां येत्या हिवाळ्यांत सकाळीं खिडकी उघडल्यावर समोरची टेकडी दिसेनाशी झाली असेल, आणि घरांतलीं आजीआजोबा किंवा धाकटीं मुलें खोकत असतील, तर ‘आज धुकें छान पडलें आहे’ असें म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. माघांतलें निर्मळ धुकें असेल तर तें खुशाल पाहावें. तीहि देवाची देणगीच आहे. पण डोळे चुरचुरत असतील, घशांत खवखव होत असेल, तर मुलांना तें ‘धुरकें’ आहे असें स्पष्ट सांगावें, म्हाताऱ्यांना त्या वेळीं फिरावयास जाऊं देऊं नये, आणि आपल्या आळींत कचरा कोण पेटवितो याची चौकशी करावी. तो आपल्याच घरचा असेल तर प्रथम तो विझवावा. धुरकें म्हटलें कीं त्यांत धूर आला, आणि धूर आला कीं तो करणारा आला. त्याला शोधणें मग फारसें कठीण नसतें. बहुधा तो जवळपासच असतो.